टीबीचा कोर्स संपला, थुंकी निगेटिव्ह आली. पुढे काय?

अर्धविराम

टीबीवर इथे बरेच धागे येऊन गेलेत. गोळ्यांनी मळमळतं, लघवी लालसर होते, कोर्स मध्येच सोडला तर काय होतं, वगैरे. कोर्स संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल मात्र शोधूनही काही सापडेना, म्हणून हा धागा.

माझा कोर्स रीतसर पूर्ण झाला, थुंकी निगेटिव्ह आली, कागदावर 'बरा' अशी नोंद झाली. नोंद खरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जिना चढताना धाप लागते, सकाळी कफ पडतो, आणि साधी सर्दीही छातीत उतरून मुक्काम ठोकते. दवाखान्यात विचारलं की एकच उत्तर मिळतं: टीबी गेलाय, काळजी करू नका. टीबी गेलाय हे मलाही समजतं हो. फुफ्फुस किती शिल्लक आहे, एवढंच विचारतोय.

वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 'बरा' ठरवताना मुख्यतः जंतू पाहिले जातात. उपचार संपताना ते सापडत नाहीत आणि औषध निष्फळ ठरल्याचा पुरावा नाही, एवढं पुरतं. दम, ताकद, कामावर परतता आलं का, यातलं काहीच त्यात येत नाही. २०२१ मध्ये व्याख्या सुधारल्या तेव्हा उपचारानंतर सहा महिन्यांनी, आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत बारा महिन्यांनीही, माणूस जिवंत आणि टीबीमुक्त आहे का हे पाहणारा एक प्रकार आला. पण तोही संशोधनापुरता.

आणि आपण मूठभर नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार १९८० ते २०१९ या काळात टीबी झालेले आणि २०२० साली हयात असलेले लोक साधारण साडेपंधरा कोटी होते. एवढ्या लोकांचं पुढे काय होतं? ज्यांना माहीत आहे किंवा जे यातून गेलेत त्यांनी लिहा.

फुफ्फुसपुराण

छातीविकारांचा डॉक्टर आहे. विषय चांगला काढलात. आमच्याकडेही तो अलीकडेच ठळक झाला. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश इथे 'टीबीनंतर' या विषयाला वाहिलेली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे टीबीपश्चात फुफ्फुसविकाराची व्याख्या ठरली: श्वसनसंस्थेत दीर्घकाळ टिकणारा बिघाड, लक्षणं असोत वा नसोत, ज्याचं कारण अंशतः तरी पूर्वीचा टीबी आहे.

बिघाड का होतो? जंतू एकटा तेवढं नुकसान करत नाही. त्याच्याशी लढताना शरीर जी विकरं (एन्झाइम) सोडतं, ती फुफ्फुसाचा आधारपटही विरघळवतात. त्यातून पोकळ्या पडतात. औषधाने जंतू मरतात आणि जखम भरते, पण भरते ती व्रणाने. हा व्रण आकसतो आणि आजूबाजूच्या श्वासनलिकांना ओढून कायमचा फुगवटा आणतो. त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. तुमचा सकाळचा कफ बहुधा तिथे साठत असावा, पण ते सीटी पाहिल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही. काहींच्या नळ्या अरुंद होतात, काहींचं फुफ्फुस आक्रसून त्यात हवाच कमी मावते, काहींत दोन्ही.

प्रमाण किती, हे कुठे पाहिलं त्यावर ठरतं. मलावीतल्या ब्लँटायर शहरात कोर्स संपवलेल्या ४०५ प्रौढांचा पाठपुरावा केला गेला. उपचार संपताना सुमारे ४४ टक्क्यांच्या सीटीत ब्रॉन्किएक्टेसिस दिसला, आणि वर्षभरानंतरही साधारण ३० टक्क्यांना श्वसनाची काही ना काही लक्षणं होती. अमेरिकेत टेक्सासमधल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीबी झालेल्या ५९ टक्के लोकांच्या फुफ्फुसांची क्षमता उणी भरली. ज्यांना फक्त सुप्त संसर्ग होता, आजार नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण २० टक्के होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांचा अभ्यास, २०००चा. एकदा टीबी झालेल्यांपैकी १८.४ टक्क्यांच्या फुफ्फुसात कायमची उणीव राहिली, दोनदा झालेल्यांत २७.१ आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ३५.२ टक्के. क्षमतेची घसरण निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक होती आणि वर्षभराने बहुतेकांची स्थिरावली. म्हणजे अर्धविराम, तुमची धाप रोज वाढतच जाणार असं गृहीत धरू नका. पण ती मोजून घ्या. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची चाचणी, केली आहे का कोणी?

अर्धविराम

नाही. कोणी सुचवलीही नाही.

आकडेमोड

डॉक्टर, प्रतिसाद उत्तम. मी संख्याशास्त्रवाला, म्हणून थोडी खोड काढतो. टीबीतून बरे झालेल्यांचा मृत्यूदर इतरांच्या जवळजवळ तिप्पट असतो, असं हल्ली सगळीकडे फिरतं. मूळ आकडा २.९१, लॅन्सेट समूहाच्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणातला. आकडा खोटा नाही. पण तुलना सर्वसाधारण लोकसंख्येशीही आहे. ज्यांना टीबी होतो त्यांच्यात धूम्रपान, मद्यपान, एचआयव्ही, मधुमेह, गरिबी आधीपासूनच जास्त असते. तिपटीतलं किती टीबीच्या नावावर टाकायचं आणि किती यांच्या, हे त्या आकड्यातून वेगळं निघत नाही.

त्याच विश्लेषणातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटली. कारण नोंदवलेल्या मृत्यूंमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार आघाडीवर होते. आपण सगळे फुफ्फुसाकडे डोळे लावून बसलोय.

फुफ्फुसपुराण

@आकडेमोड, मान्य. पण रुग्णाच्या दृष्टीने या वादाने फार फरक पडत नाही. जोखीम टीबीमुळे असो की सिगारेटमुळे, ती त्याच माणसाच्या अंगावर आहे, आणि कोर्सच्या निमित्ताने तो कित्येक महिने आमच्या समोर येऊन बसलेला असतो. रक्तदाब, साखर, सिगारेट यांचा विषय तेव्हा नाही काढायचा तर कधी?

आकडेमोड

हे पटलं. आणखी एक देऊन ठेवतो, कारण धोरण ठरवणाऱ्यांना हीच भाषा कळते. २०१९ मध्ये टीबी झालेल्यांची आजाराने वाया जाणारी निरोगी आयुष्याची वर्षं मोजली, तर जगभराची बेरीज १२.२ कोटी वर्षं येते. त्यातली ५.८ कोटी, म्हणजे ४७ टक्के, उपचारानंतरच्या दुष्परिणामांची. हेही गणिती प्रारूप आहे, त्यामुळे दशांशावर भांडू नये. पण निम्मा भार जर औषधं संपल्यावर सुरू होत असेल, तर औषधं संपताच फाईल बंद करण्याला काय म्हणायचं?

कानोकानी

माझा टीबी एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणारा, होता. फुफ्फुस बऱ्यापैकी सावरलं, कान गेले. तेव्हा कानामायसिनची इंजेक्शनं रोज टोचत असत. आधी शिट्टीसारखा आवाज येत राहिला, मग वरच्या पट्टीतले सूर ऐकू येईनात, मग माणसं. ही श्रवणशक्ती परत येत नाही, कारण अंतःकर्णातल्या त्या केसांच्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. माझी गणना 'यशस्वी उपचार' या रकान्यात झाली आहे.

नव्या रुग्णांसाठी चांगली बातमी अशी की जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून तोंडाने घ्यायच्या औषधांना पसंती दिली आणि कानामायसिन, कॅप्रिओमायसिन शिफारशीतून काढून टाकली. आता बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड वगैरेंचा सहा महिन्यांचा कोर्स बऱ्याच जणांना पुरतो. पण लिनेझोलिडवर असाल तर पायांत मुंग्या, जळजळ, नजर धूसर होणं, रंग फिके दिसणं, यातलं काहीही जाणवलं की त्याच दिवशी सांगा. वेळेत डोस कमी केला किंवा थांबवला तर बरंच वाचतं. पायांतल्या मुंग्या कोर्सनंतरही रेंगाळू शकतात. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, हेही त्याच दमात सांगतो.

एकटा_शिलेदार

मला दोन वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला. गेल्या महिन्यात खोकला वाढला, थुंकीची जीनएक्सपर्ट केली, पॉझिटिव्ह. परत सगळा कोर्स घ्यायला सांगतायत. ताप नाही, वजन कमी झालेलं नाही. काय करू?

फुफ्फुसपुराण

@एकटा_शिलेदार, इथून निदान करणार नाही, पण कोणता प्रश्न विचारायचा ते सांगतो. ही चाचणी जंतूचा डीएनए शोधते, आणि डीएनए मेलेल्या जंतूचाही असतो. यशस्वी उपचारानंतर कित्येक महिने, काहींच्या बाबतीत काही वर्षंसुद्धा, ती पॉझिटिव्ह येऊ शकते. विशेषतः रिपोर्टवर 'अत्यल्प' असा शेरा असेल तर. जिवंत जंतू आहेत का हे कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, सांगतं. तेव्हा 'कल्चरला पाठवलं का, आणि जुन्या एक्स-रेशी नवा ताडून पाहिला का?' हे विचारा. तब्येत ढासळत नसेल तर कल्चरची वाट पाहता येते का, तेही विचारा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर लोक अर्धंच वाचतात. टीबी खरंच परत येऊ शकतो. जुने जंतू पुन्हा डोकं वर काढतात तेव्हा ते बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. शिवाय बाहेरून नव्याने लागणही होते. केप टाउनच्या एका वस्तीतल्या अभ्यासात, २००५ साली, यशस्वी उपचारानंतर नव्या लागणीने टीबी होण्याचा दर पहिल्यांदा टीबी होण्याच्या दराच्या जवळपास चौपट निघाला. एकदा झाला म्हणजे देवीसारखी कायमची प्रतिकारशक्ती आली, असं इथे होत नाही.

मला जे दिसतं ते असं: ब्रॉन्किएक्टेसिसचा कफ असतो, एक्स-रेवर जुनाच डाग असतो, कल्चर कुणी करत नाही, आणि माणूस तिसऱ्यांदा टीबीच्या गोळ्या खात असतो. त्याला गरज असते कफ निघण्याची आणि कधी साध्या प्रतिजैविकाची. यकृतावर ताण पडतो तो वेगळाच.

सातवी_अ

सगळी चर्चा फुफ्फुसांवर चालली आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलीला मेंदूच्या आवरणाचा टीबी झाला होता. जीव वाचला. मेंदूत पाणी साठल्यामुळे शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) बसवलाय, फिट्सची गोळी चालू आहे, आणि उजवा हात मागे राहतो. रुग्णालयातून सोडताना टीबीची औषधं कशी द्यायची ते तपशीलवार सांगितलं. फिजिओथेरपी, शाळेतली अडचण, चष्म्याचा नंबर की नजरेची नस, याबद्दल अवाक्षर नाही. त्या सगळ्या वाटा आम्ही एकेक करून शोधल्या.

२०१४ मध्ये लहान मुलांच्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण आलं होतं. उपचार मिळूनही सुमारे १९ टक्के मुलं दगावली आणि वाचलेल्यांपैकी जवळजवळ ५४ टक्क्यांत मज्जासंस्थेचा काही ना काही दोष राहिला. ही वस्तुस्थिती असेल तर पुनर्वसन हा उपचाराचाच भाग हवा ना?

फुफ्फुसपुराण

ताई, हवाच. त्या प्रकारच्या टीबीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचण्याचं प्रमाण वाढतं, हे व्हिएतनाममधल्या २००४च्या चाचणीत दिसलं. पण गंभीर अपंगत्व त्याने कमी झाल्याचं मात्र त्या चाचणीत दिसलं नाही. ती दरी गोळीने भरत नाही. मुलीच्या नजरेची आणि श्रवणाची तपासणी ठरावीक काळाने करत राहा, आणि उलट्या, वाढती झोप, डोकेदुखी असं काही एकत्र आलं तर शंट तुंबला आहे का हे तातडीने पाहून घ्या.

इतर अवयवांचं थोडक्यात: मणक्याच्या टीबीत कुबड राहू शकतं आणि वाढत्या वयाच्या मुलांत ते उपचार संपल्यावरही वाढू शकतं. हृदयावरणाचा टीबी बरा होताना आवरण कडक होऊन हृदयाला आवळतं. मूत्रसंस्थेच्या टीबीत मूत्रवाहिनी आकसते, आणि लघवीची तक्रार नसतानाही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून सोनोग्राफी.

गोधडीवाली

आणि गर्भाशयाचा? तो सगळे गाळतात. गर्भनलिका बंद झाल्या तर औषधांनी जंतू जातात, नलिका बहुधा उघडत नाहीत. मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात तेव्हाच अनेकींना कळतं की टीबी होता. घरच्यांचे टोमणे आधीच खाऊन झालेले असतात. याहून जास्त लिहीत नाही.

खडूसकाका

धागा वाचून एक शंका. आज ज्याचं निदान झालंय त्याने हे वाचलं तर तो म्हणेल, गोळ्या खाऊनही फुफ्फुस जाणारच असेल तर कशाला खाऊ? मुळात लोक कोर्स अर्धवट टाकतात ही खरी डोकेदुखी. त्यात तुम्ही हे घाबरवायचे उद्योग लावलेत. काही गोष्टी पेशंटला नंतर सांगितलेल्या बऱ्या.

कानोकानी

काका, मला 'नंतर' सांगितलं होतं. कान जाण्याची शक्यता आहे हे आधी कळलं असतं तर पहिल्या शिट्टीलाच मी तपासणी मागितली असती. घाबरण्याने माझं काही बिघडलं नसतं.

फुफ्फुसपुराण

काकांची काळजी अगदीच निराधार नाही, मी स्वतः बोलताना शब्द जपूनच वापरतो. पण तर्क उलटा आहे. औषधाविना फुफ्फुसाच्या टीबीने, थुंकीत जंतू दिसणाऱ्यांपैकी साधारण ७० टक्के माणसं दहा वर्षांत मरत, हे औषधं येण्यापूर्वीच्या नोंदींवरून माहीत आहे. फुफ्फुसाची नासाडी आजार करतो, गोळ्या ती थांबवतात. जितकं लवकर निदान तितका व्रण लहान. नवीन रुग्णाला मी हेच सांगतो, आणि ते ऐकून कोणी गोळ्या सोडल्याचं मला आठवत नाही.

इतिहासही थोडा बघा. औषधांपूर्वी बरगड्या काढून छातीची एक बाजू बसवून टाकत. त्यातले अनेक जण टीबीतून सुटले, नोकऱ्या केल्या, आणि वीस-तीस वर्षांनी श्वसन अपुरं पडू लागलं म्हणून पुन्हा रुग्णालयात आले. घरी रात्री मास्कने श्वास पुरवण्याचं तंत्र ज्यांच्यावर सुरुवातीला वापरलं गेलं त्यांत ही मंडळीही होती. टीबीनंतरचा आजार नवा नाही, मधल्या काळात आपण तो मोजणं सोडलं एवढंच.

खडूसकाका

बरं. 'आधी सांगा' हे मान्य, 'सगळं एकदम सांगा' हे नाही.

नदीकाठ

कोर्स संपून बरीच वर्षं झाली आणि मध्येच खोकल्यातून रक्त पडलं. टीबी उलटला असं धरून घरात रडारड. निघालं वेगळंच: जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा. असं कुणाला झालंय का?

फुफ्फुसपुराण

होतं. ॲस्परजिलस नावाची बुरशी हवेत सगळीकडे असते. धडधाकट फुफ्फुस ती झटकून टाकतं, रिकाम्या पोकळीत मात्र ती घर करते. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात टीबीनंतर अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी राहिलेल्या रुग्णांची पाहणी झाली होती, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. म्हणून ज्यांच्या शेवटच्या एक्स-रेत पोकळी आहे त्यांनी खोकला, थकवा, वजन घटणं याकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. थुंकी निगेटिव्ह आणि तब्येत खंगत चाललीय, असं असेल तर रक्तातली ॲस्परजिलसची तपासणी विचारा.

रक्ताबद्दल सगळ्यांसाठी: थुंकीत एखादी रेष असली तरी दाखवायचं. कपभर पडलं तर थेट तातडीचा विभाग गाठायचा, आणि कोणत्या बाजूला आजार होता ते माहीत असेल तर ती बाजू खाली करून झोपायचं, म्हणजे चांगल्या फुफ्फुसात रक्त उतरत नाही. रक्तस्राव करणारी धमनी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून बुजवता येते, दर वेळी छाती उघडावी लागत नाही.

दीर्घश्वास

फिजिओथेरपिस्ट आहे, उशिरा आले. अर्धविराम, तुमच्यासारखे लोक आमच्याकडे क्वचितच पाठवले जातात, पण आले की फरक दिसतो. व्रण जात नाही, हे आधीच सांगते. सुधारतात ते पायांचे आणि श्वासाचे स्नायू, आणि धापेची भीती. दम लागतो म्हणून माणूस हलणं टाळतो, मग स्नायू झडतात, मग आणखी दम लागतो.

सुरुवात सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीने करतो. किती मीटर चाललात, ऑक्सिजन किती उतरला, ते लिहून ठेवतो. मग आठवड्यातून काही सत्रं, चालणं आणि वजन उचलणं हळूहळू वाढवत, दीड-दोन महिने. कफ पडणाऱ्यांना शांत श्वास, मग खोल श्वास, मग उघड्या तोंडाने 'हफ्' करून कफ वर आणायला शिकवतो. जोरजोरात खोकून नळ्या मिटतात, कफ तिथेच राहतो. जिन्यावर ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडा, पाऊल उचलताना सोडा. आणि दोन पायऱ्यांनंतर थांबण्यात लाज कसली?

अर्धविराम

या धाग्यामुळे स्पायरोमेट्री करून आलो. फुफ्फुसात हवा कमी मावते असा शेरा आहे, नळ्या अरुंद नाहीत. मागच्या वेळी एकांनी दम्याचा स्टेरॉइडवाला पंप दिला होता, तो चालू ठेवायचा का?

फुफ्फुसपुराण

रिपोर्ट घेऊन लिहून देणाऱ्यालाच विचारा, पण हा प्रश्न नक्की विचारा. नळ्या अरुंद नसतील आणि दमा नसेल तर त्या पंपाचा उपयोग मर्यादित, आणि श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने छातीच्या संसर्गाची जोखीम थोडी वाढते. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशींचंही विचारून घ्या. रिपोर्टची प्रत जपून ठेवा, पुढच्या वर्षीचा आकडा तिच्याशीच ताडायचा आहे.

पांढरा_कागद

जपण्यावरून आठवलं. कोर्स संपल्यावरचा एक्स-रेही प्रत्येकाने ठेवावा. माझी नोकरीची वैद्यकीय तपासणी डाग दिसला म्हणून अडली होती. डाग वर्षानुवर्षं तसाच आहे हे जुन्या फिल्मने दाखवलं, आणि थुंकीचे रिपोर्ट सोबत होते, म्हणून सुटलो. फिल्म नसती तर मी निरोगी आहे हे पटवायला आणखी किती हेलपाटे घालावे लागले असते कुणास ठाऊक.

शेवटची_बाकी

वाचनखूण साठवली. माझा कोर्स अजून चालू आहे, खोकला कमी झालाय. स्पायरोमेट्री आत्ताच करून घेऊ की संपल्यावर?

फुफ्फुसपुराण

संपताना. थुंकीत जंतू असताना जोराने फुंकायला लावत नाहीत, खोलीतल्या इतरांना धोका असतो. शिवाय आत्ताचा आकडा सुजेमुळे वाईट दिसेल आणि तुम्ही उगाच झोप घालवाल. शेवटच्या भेटीला एक्स-रे, स्पायरोमेट्री आणि चालण्याची चाचणी तिन्ही मागा. स्पायरोमेट्रीची सोय नसेल तर निदान चालण्याची मागा, तिला घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि लांब मोकळा व्हरांडा एवढंच लागतं.